सकाळची वीस मिनिटं वचनासोबत: तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

रोज बायबलमधलं वचन वाचतो तरी दिवसभर जीव थाऱ्यावर नसतो, ही तक्रार मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पुन्हापुन्हा ऐकू येते. बहुतेक वेळा श्रद्धा कमी पडलेली नसते, क्रम उलटा झालेला असतो. डोळे उघडताच फोन. फोनवर तीन ग्रुपांतून आलेली, गुलाबाच्या चित्रांवर छापलेली तीन वचनं. मग घाईघाईत मागण्यांची यादी, आणि ‘आमेन’ म्हणताना डोक्यात पाण्याची मोटर.

बायबलच्या नव्या करारातल्या फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातल्या ६ आणि ७ या दोन ओव्या (क्रमांकित वचनं) शेजारीशेजारी ठेवून वाचा. आधी चिंता आणि मागणं आभारासह देवापुढे मांडायचं, शांती त्यानंतर येते. तीही गोड भावना म्हणून येत नाही, मनाच्या दारावरच्या पहारेकऱ्यासारखी येते. आपण मात्र बसल्याबसल्या शांत वाटावं असा हट्ट धरतो, आणि वाटलं नाही की वही मिटतो.

खालची पद्धत एकट्याने करायची आहे आणि तिला सकाळी २० मिनिटं लागतात; रात्रीची तयारी आणि तपासणी त्याबाहेरची. टप्पे ज्या क्रमाने दिलेत त्याच क्रमाने करा. एखादा टप्पा छोटा करायला हरकत नाही, पण त्यांची अदलाबदल करू नका.

टप्पा १: आदल्या रात्रीची तयारी (५ मिनिटं)

सकाळ बिघडते ती बहुधा रात्रीच. झोपण्यापूर्वी चार गोष्टी एका जागी ठेवा: छापील पवित्र शास्त्र (बायबल), २०० पानी साधी वही, पेन्सिल आणि गजराचं घड्याळ. घड्याळ वेगळं असण्याला कारण आहे. गजर फोनवर लावला की तो बंद करायला फोन हातात येतो, आणि एकदा हातात आला की लवकर सुटत नाही. फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा. एकच खोली असेल तर ओट्यावर, डब्यांच्या मागे.

शास्त्र मोठ्या टायपाचं घ्या. सकाळी चष्मा सापडत नाही म्हणून वाचन राहिलं, हे चाळिशीनंतर नेहमीचं. उद्याच्या उताऱ्यावर रात्रीच खूण घालून ठेवा. सकाळी ‘आज काय वाचू?’ हा प्रश्न उरला तर पाच मिनिटं पानं चाळण्यातच जातात.

जागा ठरलेली हवी. वडगाव शेरीच्या दोन खोल्यांत सहा माणसं राहत असतील तर वेगळी खोली कुठून आणणार? खिडकीजवळची एक खुर्ची किंवा जिन्याची वरची पायरी पुरते. पलंग मात्र नको. पांघरुणात केलेली प्रार्थना तिसऱ्या वाक्याला झोपेत विरते.

वेळ ठरवताना आदर्श भक्ताची नको, स्वतःच्या घराची वेळ बघा. नळाला साडेपाचला पाणी येत असेल तर साडेपाचला बसूच नका. आधी पाणी भरा आणि सहाला बसा. हिंजवडीची कंपनीची बस सव्वासातला असेल तर उठण्यापासून बस पकडेपर्यंतची सगळी कामं कागदावर लिहा आणि २० मिनिटं नेमकी कुठे बसतात ते शोधा. चाकण-भोसरीकडे शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांनी घड्याळाची वेळ ठरवूच नये, कारण शिफ्ट बदलली की ती कोलमडते. त्यांनी ‘उठल्यावर, चहाच्या आधी’ अशी खूणगाठ धरावी. मग नाईट करून दुपारी दोनला उठलात तरी क्रम तोच राहतो.

*तपासा:* अंधारात हात घातला तर शास्त्र, वही, पेन्सिल सापडते का? उताऱ्यावर खूण आहे का? फोन हाताला लागणार नाही इतका लांब आहे का?

टप्पा २: उतारा निवडणं

सर्वात जास्त गाडी इथे घसरते. १ जानेवारीला उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून सुरुवात करून वर्षात सगळं शास्त्र वाचायचा संकल्प होतो. रोज तीन अध्याय वाचले तर २५ व्या दिवशी तुम्ही निर्गम या दुसऱ्या पुस्तकाच्या २५ व्या अध्यायाशी पोहोचता. तिथून निवासमंडपाची, म्हणजे इस्राएलच्या तंबूतल्या उपासनास्थानाची, मापं सुरू होतात, आणि नव्या वर्षाचा उत्साह त्या पडद्यांच्या कड्यांत कुठेतरी अडकून बसतो. संपूर्ण शास्त्र जरूर वाचा, पण ते वाचन वेगळं, संध्याकाळचं. सकाळच्या मननाला छोटा उतारा लागतो.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी स्तोत्रे १२० ते १३४ सगळ्यात सोयीची. यांना आरोहणस्तोत्रे म्हणतात. यरुशलेमला सणासाठी चढून जाणाऱ्या यात्रेकरूंची ही गाणी, म्हणजे वारीच्या वाटेवरच्या अभंगांसारखी. एकूण १५ स्तोत्रे आहेत. सगळ्यात मोठं १३२ वं, १८ ओव्यांचं. १३१, १३३ आणि १३४ तर प्रत्येकी ३ ओव्यांची. रोज एक घेतलं की १५ दिवसांत एक फेरी होते. कॅथलिक घरात दिवसाच्या मिस्साची (चर्चमधल्या रोजच्या उपासनेची) वाचनं हाताशी असतात. त्यातलं फक्त शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या जीवनाबद्दलचं वाचन, घ्या, तिन्ही वाचनं एका सकाळी मननाला घेऊ नका.

*सावध:* डोळे मिटून शास्त्र उघडायचं आणि बोट पडेल ती ओवी ‘आजचं वचन’ मानायची, ही सवय मोडा. ती सोडतीची चिठ्ठी झाली. वचनांची डबी आणि ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत मिळालेलं वचनकार्ड यांनाही हेच लागू. कार्ड फ्रिजला लावा, पण ती ओवी शास्त्रात कुठे आहे, तिच्या आधीच्या आणि नंतरच्या दहा ओव्या काय सांगतात, हे त्याच आठवड्यात वाचून घ्या.

यिर्मया या संदेष्ट्याच्या पुस्तकातली २९:११ ही ओवी (२९ व्या अध्यायातली ११ वी) बघा. देवाच्या मनातल्या भल्या योजनांची ही ओवी नोकरीच्या मुलाखतीला जाताना हमखास फॉरवर्ड होते. पण ती आहे बाबेलला कैद करून नेलेल्या लोकांना पाठवलेल्या पत्रात, आणि तिच्या लगेच आधीची १० वी ओवी सांगते की सत्तर वर्षं लागतील. त्याच्याही आधी, ५ ते ७ मध्ये, त्या लोकांना सांगितलंय की घरं बांधा, बागा लावा, ज्या नगरात आणून टाकलंय त्या नगराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. गाव सोडून पुण्यात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला या तीन ओव्यांतून जो धीर मिळेल, तो एकट्या ११ व्या ओवीतून मिळणार नाही. ती ओवी ‘या महिन्यात नोकरी लागेल’ असं म्हणत नाही. तसं समजून बसलं की महिनाअखेरीस राग देवावर निघतो.

टप्पा ३: बसल्यावरची पहिली तीन मिनिटं

लगेच वाचायला लागू नका. खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीला लावून बसा, आणि वहीच्या डाव्या पानावर डोक्यात जे घोळतंय ते सगळं उतरवा. पूर्ण वाक्यं नकोत, दोन-दोन शब्द पुरे: ‘घराचा हप्ता’, ‘आईची शुगर’, ‘साहेबांचा मेल’, ‘गॅस संपला’. गॅस संपल्याची नोंद प्रार्थनेच्या वहीत कशाला, असं वाटेल. तीच तर डोक्यात टोचत असते. कागदावर उतरली की पुढची पंधरा मिनिटं ती गप्प बसते.

यादी झाली की एक वाक्य मोठ्याने म्हणा: ‘प्रभू, हे सगळं तुझ्यासमोर ठेवलंय, आता मी ऐकतो.’ शब्द तुमचे घ्या, पण आवाज बाहेर येऊ द्या. मनातल्या मनात म्हटलेल्या वाक्याला फाटे फुटतात.

*सावध:* या यादीवर इथेच प्रार्थना सुरू करू नका, तिची पाळी पाचव्या टप्प्यात आहे. आत्ता सुरू केलीत तर वीस मिनिटं चिंतेतच जातील आणि वचन बाजूला राहील.

टप्पा ४: तीनदा वाचन (८ मिनिटं)

पहिल्यांदा मोठ्याने वाचा. दुसऱ्यांदा मनात, हातात पेन्सिल घेऊन. जिथे अडखळाल तिथे बारीक खूण करा. अडखळणं म्हणजे आवडणंच असं नाही. समजलं नाही, पटलं नाही, राग आला, तरी खूण करा. तिसऱ्यांदा फक्त खूण केलेली ओवी सावकाश, एकेका शब्दावर थांबत.

मग उजव्या पानावर तीन ओळी लिहा. पहिलीत इथे देवाबद्दल काय सांगितलंय, दुसरीत माणसाबद्दल काय, आणि तिसरीत आज माझ्याकडून काय. तिसरी ओळ क्रियापदाने संपली पाहिजे आणि ते काम आजच्या आज करता येईल असं हवं. ‘मी अधिक प्रेमळ व्हावं’ हे चालणार नाही. ‘दुपारी ताईला फोन करून परवाच्या बोलण्याची माफी मागेन’ हे चालेल.

नमुना म्हणून स्तोत्र १३१ घेऊ. ओव्या तीनच, म्हणून बहुतेक जण ते अर्ध्या मिनिटात वाचून पुढे जातात.

पहिल्या ओवीत स्तोत्रकर्ता म्हणतो की माझं मन गर्विष्ठ नाही, माझ्या आवाक्याबाहेरच्या मोठ्या गोष्टींत मी पडत नाही. इथे थांबा आणि डाव्या पानावरची यादी बघा. तिच्यातलं तुमच्या आवाक्यातलं काय आणि बाहेरचं काय? आईची औषधं वेळेवर देणं आवाक्यात आहे, तिची शुगर किती निघेल ते नाही. आवाक्याबाहेरच्या नोंदींपुढे फुली मारा.

दुसरी ओवी या स्तोत्राचा गाभा. तिच्यात आईजवळ असलेलं बाळ आहे, आणि ते दूध तुटलेलं बाळ आहे. हा तपशील निसटला तर सगळं स्तोत्र निसटतं. अंगावर पिणारं बाळ आईच्या कुशीत आलं की धडपडतं, पदर ओढतं, रडतं, कारण त्याला काहीतरी हवं असतं. दूध तुटलेलं मूल त्याच कुशीत नुसतं बसतं. त्याला आईकडून काही नको असतं, आईच हवी असते. आणि दूध तुटण्याच्या आधी रडारडीचे दिवस गेलेले असतात, हे ज्यांच्या घरात लहान मूल आहे त्यांना सांगायला नको. आता क्रियापद बघा: जीव आपोआप शांत झाला असं तो म्हणत नाही, ‘मी’ तो शांत केला म्हणतो. म्हणजे ते काम आहे, आणि त्याला वेळ लागतो.

तिसऱ्या ओवीत एकदम ‘मी’ संपतो आणि इस्राएल येतो. सगळ्या लोकांना तो परमेश्वराची आशा धरायला सांगतो. स्वतःचा जीव जरा स्थिरावला की नजर शेजाऱ्याकडे वळते.

वहीत असं उतरेल:
देव: काही मागितलं नाही तरी जवळ बसू देतो.
माणूस: न पेलणाऱ्या गोष्टी उचलून दमतो.
आज: हप्त्याचा हिशेब रात्री साडेआठला एकदाच बघेन, दिवसभर बँकेचं अॅप उघडणार नाही.

*तपासा:* तिसरी ओळ वाचून शेजारच्या माणसाला रात्री सांगता येईल का, की तुम्ही ते केलं की नाही? सांगता येत नसेल तर ओळ अजून धूसर आहे.

टप्पा ५: प्रार्थना (६ मिनिटं)

आता डाव्या पानावरच्या यादीकडे या. क्रम असा: आधी आभार, मग कबुली, मग मागणं, शेवटी दुसऱ्यांसाठी विनंती. आभार तीन, आणि तिन्ही कालच्या चोवीस तासांतले. ‘आरोग्यासाठी, घरासाठी, कुटुंबासाठी’ हे रोजचं पाठांतर झालं. ‘काल पावसात बस लगेच मिळाली’ हे आभार झाले.

कबुलीत ठेच लागते ती मोघमपणाने. ‘माझ्या सर्व पापांची क्षमा कर’ म्हणून पुढे सरकू नका. एक गोष्ट नाव घेऊन सांगा, आणि क्षमा झाली असं मानून तिथेच थांबा. तीच गोष्ट रोज उकरून काढणारे बरेच असतात. त्यांनी कबुली दिल्यावर वहीत त्या नोंदीवर रेघ मारावी. डोळ्यांना दिसलं की मनाला पटायला सोपं जातं.

मागणं मागताना यादीतली प्रत्येक नोंद नाव घेऊन मांडा, पण उपाय सुचवत बसू नका. ‘प्रभू, साहेबांचं मन बदल, आणि नाही बदललं तर मला दुसऱ्या टीममध्ये टाक, आणि तेही नाही तर...’ ही प्रार्थना राहिली नाही, मीटिंगची टिपणं झाली. ‘साहेबांचा मेल तुझ्यापुढे ठेवतो’ एवढं पुरे. शब्दच सुचत नसतील त्या दिवशी प्रभूची प्रार्थना (येशूने शिष्यांना शिकवलेली) म्हणा, एकेका वाक्यानंतर श्वासभर थांबत. तिच्यात भाकर मागितलीय ती रोजची, महिन्याभराची नव्हे.

शेवटी एक मिनिट काहीही न बोलता बसा. सुरुवातीला हे एक मिनिट लांबलचक वाटेल. त्यात काही ऐकू आलं नाही म्हणून निराश होऊ नका, ते काही ऐकू येण्यासाठी ठेवलेलंच नाही.

*सावध:* उठताना ‘आज काही वाटलं नाही’ असं म्हणून सकाळ नापास करू नका. वाटणं हे या कामाचं माप नाही. माप रात्री बघायचं.

टप्पा ६: एक ओवी दिवसभर सोबत

खूण केलेली ओवी चिठ्ठीवर लिहा. फोनमध्ये टाइप करू नका, हाताने लिहा. चिठ्ठी शर्टाच्या खिशात किंवा पर्समध्ये. आता दिवसातल्या तीन ठरलेल्या जागा निवडा, जिथे तसंही थांबावंच लागतं. वनाज-रामवाडी मेट्रोने जाणाऱ्याला एक ठरलेलं स्टेशन, दुचाकीवाल्याला रोजचा लांबणारा सिग्नल (चिठ्ठी काढू नका, पाठ म्हणा), ऑफिसात लिफ्ट, घरी कुकरच्या शिट्टीची वाट बघण्याची वेळ. तिथे ओवी एकदा म्हणायची, बस. ‘आठवेल तेव्हा म्हणेन’ असं ठरवलं तर संध्याकाळपर्यंत आठवत नाही.

ग्रुपवर ओवी पाठवायचा मोह होईल. दिवसभर पाठवू नका. रात्री, तिच्याप्रमाणे काही केलं असेल तर, एकाच माणसाला पाठवा, आणि ती त्याला का पाठवताय ते दोन ओळींत लिहा.

टप्पा ७: रात्रीची तपासणी (३ मिनिटं)

झोपण्यापूर्वी वही उघडा. ‘आज’ची ओळ पूर्ण झाली का? हो किंवा नाही, एवढंच लिहा. कारणं लिहू नका. यादीतल्या फुलीवाल्या नोंदींपैकी दिवसभरात कोणती पुन्हा पुन्हा डोक्यात आली, तिला गोल करा. मग स्तोत्र ४ वाचा. ८ ओव्यांचं आहे आणि शेवट झोपेवरच होतो. उद्याच्या उताऱ्यावर खूण घाला, फोन ओट्यावर.

दर शनिवारी रात्री आठवड्याची सगळी डावी पानं एकत्र बघा. एकच नोंद चार-पाच दिवस गोल झालेली दिसली, तर ती आता एकट्याने वाहायची नाही. रविवारी उपासनेनंतर चहाच्या वेळी पाळकांना (मंडळीच्या धर्मगुरूंना) किंवा विश्वासातल्या माणसाला ती नाव घेऊन सांगा. ‘प्रार्थनेत आठवण ठेवा’ असं मोघम सांगून निघून जाऊ नका.

घरच्यांसोबत करताना

कौटुंबिक प्रार्थना वेगळी आणि एकांत वेगळा. एकाच्या जागी दुसरं चालत नाही. घरच्या प्रार्थनेला रात्री जेवणानंतर १२ मिनिटं पुरतात: एक गीत, सात-आठ ओव्या, प्रत्येकाचं एक वाक्य, प्रभूची प्रार्थना. आजोबांची प्रार्थना वीस मिनिटं चालत असेल तर मुलं पळणारच. आजोबांना शेवटचा आशीर्वाद द्यायला सांगा, त्यांचा मानही राहतो आणि वेळही. मुलांना ओवी वाचायला द्या, पण उच्चार सुधारत बसू नका. प्रार्थनेच्या निमित्ताने घरातल्या कुणाला टोमणा मारणं (‘प्रभू, काहींना वेळेवर उठायची बुद्धी दे’) कटाक्षाने टाळा. त्या घरात पुढच्या आठवड्यात एक माणूस कमी बसतो.

चुकलेले आणि कोरडे दिवस

दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन उतारे वाचून भरपाई करू नका. चुकलेला उतारा सोडून द्या, खूण आहे तिथून पुढे चला. गणपतीत मांडवाच्या भोंग्यांनी झोप होत नसेल त्या दहा दिवसांत मनन ७ मिनिटांवर आणा: यादी २, वाचन ३, प्रार्थना २. पूर्ण बंद करण्यापेक्षा हे बरं.

मन कोरडं असताना आनंदाची स्तोत्रं ओढूनताणून म्हणू नका. स्तोत्र १३ घ्या, ६ ओव्यांचं आहे, आणि सुरुवातीलाच देवाला ‘कुठवर?’ असं पुन्हापुन्हा विचारतं. त्याहून काळी रात्र असेल तर ८८ वं, त्याचा शेवट अंधारातच होतो. असं स्तोत्र शास्त्रात ठेवलेलं आहे, याचा अर्थ अशी प्रार्थना करायला मुभा आहे.

थकवा आणि निराशा यांत मात्र गल्लत करू नका. १ राजे या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात एलीया हा संदेष्टा झाडाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खायला घालतो. बोलणं होतं ते कितीतरी पुढे, होरेब डोंगरावर. चार तास झोपून पहाटे साडेचारला मननाला बसणाऱ्याने आधी झोप पुरी करावी.

*सावध:* दोन आठवड्यांहून जास्त झोप, भूक आणि कामातलं लक्ष उडालं असेल, किंवा जगू नये असं वाटत असेल, तर डॉक्टरकडे जा. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते. ‘विश्वास कमी म्हणून असं होतंय’ असं कुणी म्हणालं, मग तो मंडळीतला वडीलधारा का असेना, तरी चालू गोळ्या स्वतःच्या मनाने थांबवू नका.

पंधरा दिवसांनंतर

आरोहणस्तोत्रांची फेरी संपली की फिलिप्पैकरांस पत्र घ्या. चार अध्याय, १०४ ओव्या; रोज ८ घेतल्या तर १३ दिवस. अध्याय मध्ये संपला तरी आठच्या हिशेबाने पुढे जा. ज्या ४:६-७ वरून सुरुवात केली त्या ओव्या ११ व्या दिवशी येतील. त्या सकाळी वहीची पहिल्या आठवड्यातली डावी पानं शेजारी उघडून ठेवा, आणि तिथे लिहिलेल्या कोणत्या नोंदी आता आठवतसुद्धा नाहीत ते पेन्सिलीने मोजा.